मराठीचा पेपर आठ दिवसांवर आला की: तिसरी ते पाचवीची उजळणी

घरात मराठी, शाळेत मराठी, तरी मराठीच्या पेपरात गुण गळतातच. धड्यांखालची प्रश्नोत्तरं पाठ नव्हती म्हणून ते क्वचितच गळतात. मुलाने प्रश्नातला 'नाही' वाचलेला नसतो, उताऱ्यातल्या 'त्या' म्हणजे कोण ते त्याला कळलेलं नसतं, नाहीतर उत्तर तोंडी येत असूनही कागदावर अर्धंच उतरलेलं असतं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात वहीतली प्रश्नोत्तरं पुन्हा घोकून घेण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा गळती नेमकी कुठे आहे ते आधी शोधा.

त्यासाठी मागच्या दोन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका काढा. गुण कापलेला प्रत्येक प्रश्न मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि उत्तर तोंडीच विचारा. प्रश्न वाचतानाच अडखळलं तर मामला वाचनाचा आहे. सुरळीत वाचला पण भलतंच सांगितलं, तर आकलनाचा. तोंडी उत्तर चटकन बरोबर आलं आणि कागदावर मात्र चुकलेलं आहे, तर लिहिण्याचा. आणि 'हे मला माहीतच नव्हतं' असं आलं, तर शब्दसंपत्ती किंवा व्याकरण कच्चं आहे. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने वा, आ, लि, मा यांपैकी एक अक्षर टाका. अर्ध्या तासात चित्र दिसतं, आणि बहुतेक वेळा एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलेलं असतं. आठ दिवसांतला निम्मा वेळ त्याला द्या, उरलेल्या वेळात बाकीचं.

वाचन: एक मिनिट आणि एक पेन्सिल

मुलाने आधी न पाहिलेला साठेक शब्दांचा उतारा निवडा. दोन प्रती हव्यात, एक मुलाकडे, एक तुमच्याकडे. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि वाचू द्या. मध्ये टोकू नका. चुकीच्या शब्दाखाली रेघ, गाळलेल्या शब्दावर फुली, अडखळला तिथे टिंब, इतकंच तुमचं काम. मिनिट संपलं की बरोबर वाचलेले शब्द मोजा.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. मराठीत हा आकडा थोडा सैल धरावा, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. 'शाळेसमोरच्यासारखं' हा मोजायला एकच शब्द. पण चौथीतलं मूल चाळिसाच्या खाली अडकत असेल, तर त्याला उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला बसवणं हा जुलूम आहे. शब्द जुळवण्यातच त्याचं सगळं लक्ष संपतं, वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अशा मुलाकडून रोज पंधरा मिनिटं फक्त मोठ्याने वाचून घ्या, आणि एकच उतारा तीन दिवस. तिसऱ्या दिवशी वेग वाढलेला त्याला स्वतःलाही कळतो. साठ शब्दांत सहापेक्षा जास्त चुका होत असतील तर उतारा जड आहे. मागच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक घ्या, त्यात कमीपणा नाही. इंग्रजी माध्यमातल्या, मराठी दुसरी भाषा असलेल्या मुलांना कधी दोन इयत्ता मागेही जावं लागतं.

आता रेघा कुठे पडल्यात ते बघा. सर्वांत जास्त त्या शब्दांच्या शेपटीला असतात. 'बाजारात'चं 'बाजार', 'टोपलीवर'चं 'टोपली', 'दहा वाजेपर्यंत'चं 'दहा वाजता'. मूल शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं बघतं आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकतं. मराठीत हा अंदाज महागात पडतो, कारण कोणी, कोणाला, कुठे, कशाने ही सगळी माहिती शेपटीतच असते. 'राजूने मोहनला हाक मारली' आणि 'राजूला मोहनने हाक मारली' यांत फरक फक्त 'ने' आणि 'ला' यांचा. ही दोन वाक्यं लागोपाठ वाचून घ्या आणि विचारा, हाक कोणी मारली? दोन्हींना 'राजूने' असं उत्तर आलं तर मुलाची शेपटी गिळायची सवय पक्की झालीय. इलाज साधा आहे. उताऱ्यातल्या दहा शब्दांचे प्रत्यय मुलाकडूनच रंगीत पेन्सिलीने गोल करून घ्या, मग तोच उतारा वाचू द्या.

दुसरा घोळ 'र'चा. हे एक अक्षर चार वेषांत येतं: 'सूर्य'मधला डोक्यावरचा रफार, 'क्रम'मधली तिरकी रेघ, 'ट्रक'मधलं खालचं टोपीसारखं चिन्ह आणि 'कैऱ्या'मधला अर्धा र. रफार दिसतो पुढच्या अक्षरावर, उच्चारायचा मात्र त्या अक्षराच्या आधी. म्हणून 'कर्म' आणि 'क्रम' यांची अदलाबदल होते आणि लिहिताना 'मार्ग'चा रफार 'मा'वर जाऊन बसतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' नमस्कार करायचा, 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगायचा. अशा जोड्या मुलांना आवडतात, दोनदा हसून झालं की पक्क्या बसतात. 'गृह' आणि 'ग्रह' ही जोडीही यातच घ्या.

पूर्णविराम ओलांडून पुढे पळणारी मुलंही बरीच. त्यांना प्रत्येक पूर्णविरामाला टेबलावर एक टिचकी मारायला सांगा. दोन दिवसांत टिचकीची गरज उरत नाही.

उतारा

हा पेपरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी सराव होणारा भाग, म्हणून इथे जरा थांबू. समजा उतारा असा आहे:

'आठवडी बाजारात शेवंताबाई सकाळी सहालाच पोचल्या. सोबत दोन टोपल्या होत्या. एकीत मेथी होती, दुसरीत टोमॅटो. दहा वाजेपर्यंत मेथीची एकही जुडी उरली नाही. टोमॅटोकडे मात्र कोणी वळेना, कारण त्या दिवशी बाजारात जिकडेतिकडे टोमॅटोच दिसत होते. ऊन चढले तसे शेवंताबाईंनी टोपलीवर ओले फडके टाकले आणि भाव निम्म्यावर आणला. चारच्या एसटीने त्या घरी निघाल्या, तेव्हा दोन्ही टोपल्या एकीत एक घातलेल्या होत्या.'

जेमतेम साठ शब्द. 'शेवंताबाई बाजारात किती वाजता पोचल्या?' याचं उत्तर सगळ्यांना येतं. वाक्य शोधलं, उतरवलं, झालं. पण पेपर काढणारा तिथे थांबत नाही.

'मेथी किती वाजेपर्यंत विकली गेली?' इथेही उत्तर उताऱ्यात आहे, पण सरळ नाही. 'एकही जुडी उरली नाही' म्हणजेच 'सगळी विकली गेली' हे आधी डोक्यात व्हायला हवं. नकारातून होकार काढणं हे या वयात आपोआप येत नाही, सरावाने येतं. घरात रोज करता येतं: 'डब्यात एकही लाडू उरला नाही' म्हणजे काय झालं?

'टोमॅटो लवकर का विकले गेले नाहीत?' याचं उत्तर 'कारण'च्या पुढे आहे, तरी बरीच मुलं 'ऊन चढले म्हणून' लिहितात. दोन वाक्यं जवळ आली की एक दुसऱ्याचं कारण असणार, असं त्यांना वाटतं. उताऱ्यात 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे', 'तरी', 'पण', 'मात्र' या शब्दांना चौकट करायची सवय लावा. चौकटीच्या एका बाजूला कारण असतं, दुसऱ्या बाजूला परिणाम. 'मात्र' आणि 'पण' आले की गोष्ट उलट दिशेला वळते.

'ओले फडके कशासाठी टाकले?' हे उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही. मूल चार वेळा उतारा वाचतं, सापडत नाही, आणि जवळचं वाक्य उतरवून मोकळं होतं. अशा प्रश्नाला दोन बोटं लावायची. एक उताऱ्यातल्या खुणेवर, म्हणजे 'ऊन चढले'वर, दुसरं आपल्या डोक्यावर, म्हणजे 'उन्हात भाजी सुकते, ओल्या कापडाने गार राहते' या माहितीवर. दोन्ही जोडलं की उत्तर.

'शेवंताबाई घरी निघाल्या तेव्हा किती टोमॅटो उरले होते?' टोपली टोपलीत घातली याचा अर्थ दोन्ही रिकाम्या, म्हणजे काहीच उरलं नाही. मुलांचं आवडतं उत्तर 'निम्मे', कारण 'निम्म्यावर' हा शब्द त्यांना दिसतो. भाव निम्मा आणि माल निम्मा यांतला फरक दोन खऱ्या डब्यांनी दाखवा. भरलेला डबा दुसऱ्या डब्यात बसतो का ते करून बघितलं की हा प्रश्न पुन्हा चुकत नाही.

'बाजारात भाजी घेऊन किती जणी गेल्या?' असं विचारलं तर काही मुलं 'दोन' म्हणतात, काही 'खूप'. 'पोचल्या', 'निघाल्या', 'त्या' ही आदरार्थी रूपं त्यांना अनेकवचनी वाटतात. आणि 'एकीत' म्हणजे कशात, हे विचारून बघाच. 'एकीत' म्हणजे एका टोपलीत. उताऱ्यातल्या प्रत्येक तो, ती, त्या, त्यांनी, एकीत, दुसरीत या शब्दापासून तो ज्याच्याबद्दल आहे त्या नामापर्यंत बाण काढायचा, हा मला उताऱ्याच्या सरावातला सर्वांत उपयोगी व्यायाम वाटतो. पाच मिनिटांत होतो आणि मूल कुठे हरवतं ते लगेच दिसतं.

शीर्षक विचारलं तर मूल हमखास पहिल्या वाक्यातला शब्द उचलतं. 'आठवडी बाजार' अगदीच चूक नाही, पण उतारा बाजाराबद्दल नाही, शेवंताबाईंच्या एका दिवसाबद्दल आहे. कसोटी एकच: शीर्षकातला शब्द उताऱ्याच्या शेवटच्या वाक्यालाही लागू पडतो का?

उत्तर लिहिताना प्रश्नातलेच शब्द उचलून सुरुवात करायची: 'टोमॅटो लवकर विकले गेले नाहीत, कारण…' नुसतं 'कारण बाजारात खूप टोमॅटो होते' असं लिहिणाऱ्याचा अर्धा गुण अनेक ठिकाणी जातो. दोन गुणांचा प्रश्न असेल तर दोन मुद्दे हवेत, हे मुलांना कोणी स्पष्ट सांगत नाही. प्रश्नापुढचा आकडा बघून मग लिहायचं.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर दोन मतं आहेत. माझं मत असं की गोष्टीचा उतारा असेल तर आधी उतारा, नाहीतर मूल गोष्ट न वाचता शब्द हुडकत फिरतं. जाहिरात, सूचनाफलक किंवा वेळापत्रक असेल तर आधी प्रश्न, कारण तिथे हुडकणंच अपेक्षित असतं. सूचनेतले 'फक्त', 'सोडून', 'वगळता', 'पासून', 'पर्यंत' हे शब्द घातक. 'वाचनालय सोमवार सोडून रोज उघडे' म्हणजे आठवड्याचे किती दिवस? सहा. 'सोमवारी उघडे' असं वाचणारी मुलं कमी नाहीत. प्रश्नातही हाच प्रकार: 'खालीलपैकी कोणती गोष्ट उताऱ्यात आलेली नाही?' इथे 'नाही' खाली आधी रेघ मारायची, मग पर्याय वाचायचे.

शब्द

समूहदर्शक शब्द, प्राण्यांची पिल्लं, घरं, आवाज या याद्या प्रत्येक गाईडमध्ये असतात आणि मुलं त्या ओळीने पाठ करतात. ओळीने पाठ केलेलं ओळीनेच आठवतं. मधलाच शब्द विचारला की गाडी अडते. त्यापेक्षा वस्तू हातात द्या. स्वयंपाकघरात मेथीची जुडी, भाकरींची चवड, केळ्यांचा घड. दाराशी किल्ल्यांचा जुडगा. दप्तरात वह्यांचा गठ्ठा. गल्ल्यातल्या नाण्यांची चळत रचून बघायची आणि ती कोसळली की ढीग म्हणायचं. जे घरात नाही ते उरतं थोडंसंच: पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, उसाची मोळी, बांबूंचं बेट, करवंदांची जाळी, विमानांचा ताफा, आंब्याच्या झाडांची राई. शहरातल्या मुलाने करवंदाची जाळी पाहिलेली नसते, त्याला फोटो दाखवा, नाहीतर ते 'कोळ्याचं जाळं' आणि 'करवंदांची जाळी' एकत्र करून टाकतं.

पिल्लांमध्ये गोंधळ ठरलेला: शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, म्हशीचं रेडकू किंवा पारडू, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा, वाघाचा बछडा. करडू आणि कोकरू एकाच दिवशी घेऊ नका. सारखी दिसणारी माहिती एकत्र शिकवली की दोन्ही एकमेकींत मिसळतात. सोमवारी करडू, गुरुवारी कोकरू.

हाच नियम वाक्प्रचारांना. 'डोळा लागणे', 'डोळे पाणावणे', 'डोळे लावून बसणे', 'कानाडोळा करणे' हे एका तक्त्यात फार छान दिसतात आणि पेपरात फार वाईट आठवतात. एका दिवशी डोळ्यांचा एकच. वाक्यात उपयोग करताना वाक्यातून अर्थ दिसला पाहिजे. 'राजूच्या तोंडचे पाणी पळाले' या वाक्याला गुण अर्धाच, कारण का पळालं ते कुठे आहे? 'परीक्षेच्या दाराशी गेल्यावर दप्तरात पेनच सापडेना, तेव्हा राजूच्या तोंडचे पाणी पळाले' हे पुरं. मुलाला सांगायचं सूत्र: वाक्यात 'तेव्हा', 'म्हणून' किंवा 'कारण' आलंच पाहिजे. ते आलं की अर्थ आपोआप येतो.

विरुद्धार्थी शब्दांच्या पर्यायांमध्ये एक समानार्थी मुद्दाम पेरलेला असतो. 'उदय'ला उगम, पहाट, अस्त, प्रकाश असे पर्याय दिले की घाईतलं मूल 'उगम'वर खूण करतं. शब्द माहीत असतो, प्रश्न वाचलेला नसतो. इथे पुन्हा तीच रेघ, 'विरुद्धार्थी'खाली.

शब्दकोशातला क्रम हा प्रकार मुलांना उगाच अवघड वाटतो. पहिलं अक्षर सारखं असेल तर बाराखडी म्हणायची: कमळ, कागद, किरण, कुदळ, केस, कोल्हा. तेही सारखं असेल तर दुसऱ्या अक्षरावर जायचं. दोन दिवसांत जमतं.

व्याकरण: वचन आणि काळ, बाकी नंतर

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ओळखणं बहुतेकांना येतं. अडतं वचनावर. 'ए लावला की अनेकवचन' अशी मुलाची समजूत झालेली असते आणि मराठी तसं वागत नाही. वाट–वाटा, भिंत–भिंती, नदी–नद्या, सासू–सासवा, बी–बिया, घर–घरे, केळे–केळी, पाखरू–पाखरे. देव, लाडू, उंदीर, कवी यांचं रूप तर बदलतच नाही. नियमांची यादी देण्याऐवजी शब्दाआधी तो, ती, ते लावून म्हणायला सांगा: तो उंदीर – ते उंदीर, ती वाट – त्या वाटा, ते घर – ती घरे. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला बरोबर रूप ऐकू येतं, फक्त त्याला ते विचारायला हवं.

एक खाच मात्र आहे. 'ती' दोन ठिकाणी येते: 'ती मुलगी' एकवचन, 'ती मुले' अनेकवचन. म्हणून नुसतं 'ती' दिसलं की एकवचन म्हणायचं नाही, क्रियापदापर्यंत जायचं. 'ती आली आहे' की 'ती आली आहेत'? तशीच गंमत 'केळी'ची. केळे या फळाचं अनेकवचन केळी आणि केळ या झाडाचंही अनेकवचन केळी. एकवचन विचारलं तर वाक्य बघूनच ठरवायचं.

काळ बदलताना खरी परीक्षा होते. 'मीना आंबा खाते' याचा भूतकाळ करा म्हटलं की 'मीना आंबा खाल्ली' असं लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. बोलताना तीच मुलं 'मीनाने आंबा खाल्ला' म्हणतात! कागदावर ती फक्त क्रियापद बदलायला जातात. मराठीत 'खाणे'सारख्या क्रियापदाचा भूतकाळ झाला की करणाऱ्याला 'ने' लागतो आणि क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं: मीनाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. हे तीन पदार्थ आणि खाणारे दोघं, मीना आणि राजू, घेऊन सहा वाक्यं करून घ्या. खाणारा बदलला तरी क्रियापद हलत नाही, पदार्थ बदलला की हलतं, हे मुलालाच शोधू द्या. मग अपवाद: राजू चहा प्यायला, राजू वही विसरला, राजू गाणं शिकला. इथे 'ने' येत नाही. अपवाद पहिल्याच दिवशी सांगितले तर नियमही जातो.

लिंग बदलतानाही एक शब्द बदलून भागत नाही. 'हुशार मुलगा धावत आला'मध्ये दोन शब्द हलतात, 'गोरा मुलगा धावत आला'मध्ये तीन. विशेषण 'आ'ने संपतं की नाही यावर सगळा खेळ.

शुद्धलेखन

महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले १४ नियम आणि १९७२ मधले ४, असे एकूण १८ नियम आहेत. पाचवीपर्यंतच्या मुलाला तीन पुरेत, पण ते हातात बसायला हवेत.

शेवटचं अक्षर दीर्घ: आजी, पाटी, वस्तू, कवी, गुरू. अपवाद थोडे, आणि त्यांत पेपरात येणारे मुख्यतः 'आणि', 'परंतु', 'तथापि'. 'आणी' लिहिणाऱ्या मुलाकडून हा एक शब्द सुधारून घेतला तरी निबंधातल्या पाच-सहा चुका जातात.

शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: फूल, मूल, वीट, बहीण, पाऊस, विहीर. पण प्रत्यय लागला किंवा शब्द पुढे वाढला की तोच ऱ्हस्व होतो: फुलाला, मुलाने, विटा, बहिणीचा, विहिरीत. मुलं इथे म्हणतात, 'एकदा फूल आणि एकदा फुल, खरं कोणतं?' दोन्ही खरी. शेपटी आली की शब्द आखडतो, इतकं सांगितलं की पुरे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आखडत नाहीत: सूर्य–सूर्याला, परीक्षा–परीक्षेत. 'गुण', 'विष', 'मंदिर' हेही त्याच घरातले, म्हणून दुसरा नियम त्यांना लागत नाही.

तिसरा: अनुस्वार किंवा जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार बहुधा ऱ्हस्व. चिंच, भिंत, उंट, पुस्तक, मुक्काम. संस्कृत शब्द पुन्हा बाजूला ठेवायचे: सूर्य, पूर्ण, तीर्थ.

काही शब्द नियमांनी नाही, फोड करून लक्षात राहतात. परि आणि ईक्षा मिळून परीक्षा, म्हणून 'री' दीर्घ. 'परिसर', 'परिणाम' यांत 'ईक्षा' नाही, म्हणून 'रि' ऱ्हस्व. महत् आणि त्व मिळून महत्त्व, म्हणून दोन त. उज्ज्वलमध्ये दोन ज त्याच कारणाने, उत् आणि ज्वल.

न–ण, ल–ळ, श–स यांचा गोंधळ बहुधा घरच्या बोलीतून येतो. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला ओरडण्यात अर्थ नाही, तिथे ते बरोबरच बोलतंय. पेपरात मात्र पाठ्यपुस्तकाचं रूप लागतं, म्हणून जोड्यांची श्रुतलेखनं घ्या: मन–मण, खान–खाण, वेल–वेळ, काल–काळ, माल–माळ, साल–शाल. तुम्ही उच्चार स्पष्ट केला नाही तर मुलाकडून अपेक्षा करू नका. 'केलं–केले'चं तसंच. बोलण्यात आणि मी इथे लिहितोय त्यात 'केलं' चालतं, उत्तरपत्रिकेत 'केले' ठेवावं, आणि दोन्हींची खिचडी तर नकोच.

श्रुतलेखन रोज दहाच शब्दांचं, आणि ते शब्द मुलाच्या स्वतःच्या उत्तरपत्रिकेतून उचललेले. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका, पाचव्या वेळेपासून हात लिहितो आणि डोकं खेळायला जातं. शब्द बघायचा, म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, उघडून ताडायचा. दोनदा बरोबर आला की सुट्टी. दोन दिवसांनी पुन्हा विचारायचा.

पत्र, निबंध, चित्र

इथे आठ दिवसांत फार काही हलत नाही. पत्राचे सांगाडा-गुण मात्र पदरात पाडून घ्या: तारीख, पत्ता, मायना, शेवट. चित्रवर्णनात जागा कोणती, कोण आहे, काय करतंय, वेळ कोणती, पुढे काय होईल, अशी पाच वाक्यं. पाठ केलेले निबंध नकोत. 'माझी आई' पाठ असलेल्या मुलाला 'माझी आजी' आली की आजी सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाते.

शिष्यवृत्तीला बसणाऱ्यांसाठी

राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न ५० गुणांना आणि गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना असतात, वेळ दोन्हींना मिळून ९० मिनिटं. भाषेला पंचवीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर गणित बोंबलतं. सराव करताना भाषेचा भाग सुटा, घड्याळ लावूनच सोडवून घ्या.

इथे गुण जाण्याचं एक कारण भाषेशी संबंधित नाहीच. एखादा प्रश्न मूल नंतरसाठी सोडतं आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर सोडलेल्या प्रश्नाच्या वर्तुळात रंगवतं. तिथून खालची सगळी रांग एक घर वर सरकते, आणि पेनने रंगवलेलं खोडता येत नाही. कोऱ्या वर्तुळांच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. वर्तुळ रंगवण्याआधी प्रश्नक्रमांक ओठांत म्हणायचा, 'अकरा, तीन नंबर', अशी सवय लावा. दर पाच प्रश्नांनी एकदा क्रमांक ताडायचा.

आठ दिवसांचा हिशेब

रोज चाळीस मिनिटं: दहा वाचन, पंधरा एक उतारा, दहा शब्द किंवा व्याकरण, पाच श्रुतलेखन. वाचन कच्चं असेल तर शब्दांची दहा मिनिटंही वाचनाला. सहाव्या दिवशी शाळेची एखादी जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवू द्या आणि पुन्हा ती चार अक्षरं टाका. पहिल्या दिवशीच्या आणि या कागदावरच्या 'आ' मोजून बघा.

आदल्या संध्याकाळी नवीन काही उघडू नका. चुकीच्या शब्दांची यादी एकदा बघायची, एक सोपा उतारा मोठ्याने वाचायचा. मग पट्टी, दोन पेनं, टोक काढलेली पेन्सिल कंपासमध्ये, आणि नऊच्या आत अंथरुणात.